चौथी खूण

सोनोग्राफीच्या डॉक्टरांना हॉस्पिटलात सगळे ‘पुन्हाबाई’ म्हणत. तोंडावर नुसतं ‘बाई’, पाठ वळली की ‘पुन्हाबाई’. हे नाव सर्जनसाहेबांनी पाडलं होतं आणि तेही बाईंना ठाऊक होतं. अठरा वर्षांच्या नोकरीत त्यांनी याहून वाईट नावं पडलेली माणसं पाहिली होती, त्यामुळे त्यांनी ते मनाला लावून घेतलं नव्हतं. निदान त्या महिन्याच्या बैठकीपर्यंत तरी.

नावामागचं कारण साधं होतं. पडलेलं, आपटलेलं, गाडीची धडक बसलेलं मूल कॅज्युअल्टीत आलं की ते लगेच बाईंच्या खोलीत येई. पोटात रक्त सांडतंय का, एवढंच पाहायचं. पडद्यावर ते काळं दिसतं. शोधायचं चार ठिकाणी: उजवीकडे यकृत आणि मूत्रपिंड यांच्यामधल्या फटीत, डावीकडे प्लीहेभोवती, मग हृदयाभोवती, आणि शेवटी खाली ओटीपोटात, लघवीच्या पिशवीमागे. छापील कागदावर चार चौकोन होते. रक्त नसेल तर चौकोनात बरोबरची खूण, असेल तर फुली. चार खुणा झाल्या की सर्जन निर्धास्त.

बाई खुणा करत आणि खाली स्वच्छ अक्षरात एक ओळ लिहीत: ‘दोन तासांनी पुन्हा पाहणे.’ मूल उड्या मारत असलं तरी लिहीत. रक्त साचायला वेळ लागतो, आणि लहान मुलं शेवटच्या घटकेपर्यंत बरी दिसतात, हे त्या प्रत्येक नव्या डॉक्टरला सांगत आल्या होत्या.

बैठकीत सर्जनसाहेबांनी आकडे वाचून दाखवले. तीन महिन्यांत एकेचाळीस मुलं, एकेचाळीसदा ‘पुन्हा’. दुसऱ्या खेपेला काही निघालं ते फक्त एकात.

“म्हणजे चाळीस खाटा फुकट अडल्या, चाळीस आयांचा जीव टांगणीला लागला,” ते म्हणाले. “बाई, एकदा पाहून तुमच्या मशीनचं समाधान होत नाही, की तुमचं?”

सगळे हसले. बाईसुद्धा हसल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ती ओळ लिहिणं सोडलं. कुणी सांगितलं नव्हतं. फक्त पेन त्या ओळीपाशी आलं की त्यांना ते हसणं ऐकू येई, आणि त्या टोपण लावून टाकत.

हे होऊन अकरा दिवस झाले होते तेव्हा ती चार वर्षांची मुलगी आली.

अकरा वाजून वीस मिनिटांनी वडिलांनी तिला कडेवर घेऊन कॅज्युअल्टीत आणलं. मागोमाग धापा टाकत आजी. वडील घरांना, दुकानांना काचा बसवायचं काम करत. बोटांना जागोजागी चिकटपट्ट्या. मुलीची आई परगावी नोकरीला होती, शनिवारी यायची. घरी आजी आणि नात. नातीचं घरातलं नाव भिंगरी.

“सायकलवरून पडली,” वडील म्हणाले. “फार नाही हो, इमारतीच्या आवारातच. पण हॅन्डल पोटात घुसलं.”

“घुसलं नाही, लागलं,” आजी म्हणाल्या. “तू आणखी घाबरव तिला.”

“मी तिला नाही सांगत, डॉक्टरांना सांगतोय.”

“तिला कान आहेत.”

भिंगरीच्या डाव्या बरगड्यांखाली एक गोल वळ उठला होता, हॅन्डलच्या टोकाएवढाच. हॅन्डलवरचं रबर केव्हाच झिजून गेलं होतं.

कॅज्युअल्टीच्या सिस्टरचा क्रम ठरलेला होता. सुई टोचायची, रक्त घ्यायचं, मग लघवीचा नमुना. पोटाला मार लागलेल्या मुलाच्या लघवीत रक्त आहे का, हे बघायचंच असतं, आणि प्रयोगशाळेचा माणूस बाराला सगळे नमुने घेऊन जातो. बारानंतरचा नमुना चार वाजेपर्यंत तसाच पडून राहतो. तेव्हा बाराच्या आत आलेल्या मुलांना सिस्टर सोनोग्राफीच्या आधीच लघवीला नेत. आजी नातीला घेऊन गेल्या आणि अर्धी भरलेली बाटली घेऊन परतल्या. तेही मोठ्या कौतुकाने.

“एका दमात,” त्या म्हणाल्या. “एरवी घरी तासभर विनवण्या.”

ओटीपोटात पाहायचं तर लघवीची पिशवी भरलेली लागते. भरलेली पिशवी पडद्यावर खिडकीसारखी असते, तिच्यातून मागचं दिसतं. रिकामी असली तर आतड्यांच्या वेटोळ्यांशिवाय काही कळत नाही. आणि पडलेल्या मुलाच्या पोटातलं रक्त बहुतेक वेळा आधी तिथेच उतरतं. हे बाईंना माहीत होतं, सिस्टरांनाही सांगून झालं होतं. दोघींच्या पद्धती आपापल्या जागी बरोबर होत्या. भांडण व्हायचं ते वेळेवरून. म्हणून तर ती एक ओळ होती. सलाइन चढून दोन तासांत पिशवी भरे, आणि दुसऱ्या खेपेला चौथं ठिकाण स्वच्छ दिसे. बाईंच्या ‘पुन्हा’मागचं अर्धं कारण हे होतं, आणि बैठकीत हसणाऱ्यांपैकी कुणालाच ते ठाऊक नव्हतं. बाईंनी तिथे ते सांगितलंही नव्हतं.

खोली लहान होती. खिडकीला जाड पडदा, एक टेबल, एक स्टूल, मशीन. वॉर्डबॉयला सगळे मामा म्हणत. त्यांनी जेलीची बाटली गरम पाण्याच्या मगात बुडवून ठेवली होती; थंड जेलीने मुलं दचकतात.

“ये भिंगरीबाई,” मामा म्हणाले. “इथे टीव्ही आहे, पण एकच चॅनेल लागतं. तुझं पोट.”

“मला नको ते चॅनेल,” भिंगरी म्हणाली.

“मलाही नको. अठरा वर्षं तेच बघतोय.”

ती हसली आणि लगेच कण्हली. बाईंनी ते ऐकलं. डावीकडे दाबल्यावर तिने त्यांचा हात धरला. उजवीकडे काही नव्हतं. डावीकडे प्लीहेची कड जरा अस्पष्ट वाटली, पण मुलगी वळवळत होती. भोवती काळं नव्हतं. हृदय ठीक. खाली ओटीपोटावर त्यांनी यंत्र टेकवलं. पिशवी दिसेना. एक चपटी रेघ, तिच्यामागे आतडी. त्यांनी यंत्र थोडं तिरपं केलं. तेच.

बाहेर पॅसेजमध्ये सर्जनसाहेबांचा आवाज आला. “पुन्हा... अहो, बाईंकडचं पोर झालं का?”

ते ‘पुन्हा’पर्यंत येऊन थांबले, का बाईंना तसं वाटलं, हे पुढे कधीच ठरवता आलं नाही. त्यांनी चित्र साठवलं, पेन घेतलं आणि चार खुणा केल्या. एकापाठोपाठ एक, सारख्या आकाराच्या. चौथ्या चौकोनाशी त्यांचा हात थांबला नाही. खाली त्यांनी काही लिहिलं नाही.

बारा ते तीन भिंगरी कॅज्युअल्टीच्या खाटेवर होती. रक्त ठीक आलं, लघवी स्वच्छ आली. पोट मऊ होतं. तिने बिस्किट मागितलं, अर्धं खाल्लं. सर्जनसाहेबांनी कागद पाहिला, पोट दाबून पाहिलं, आजींना म्हणाले, “सगळं ठीक आहे. घरी न्या, दोन दिवस दंगा नको.”

“दंग्याशिवाय ही दोन दिवस?” आजी म्हणाल्या. “साहेब, तुम्हीच ठेवून घ्या मग.”

तीनला ते गेले. वडील दोघींना घरी सोडून अर्धवट राहिलेल्या कामावर परतले. एका दुकानाच्या दर्शनी भागाची मोठी काच होती, आणि ती उघडी टाकून ते निघाले होते.

बाईंचा दिवस पाचला संपे. संपण्याआधी त्या दिवसभराची साठवलेली चित्रं एकदा नजरेखालून घालत. ही त्यांची जुनी सवय होती, कुणाच्या हसण्याने ती सुटली नव्हती. चार वाजून चाळीस मिनिटांनी भिंगरीचं चौथं चित्र पडद्यावर आलं.

त्या बराच वेळ त्याच्याकडे पाहत बसल्या. चित्रात रक्त नव्हतं. चित्रात काहीच नव्हतं. अंधाऱ्या खोलीचा फोटो काढून ‘खोलीत कुणी नाही’ लिहावं, तसं त्यांनी केलं होतं. मग त्यांनी मागचं, डाव्या बाजूचं चित्र काढलं. प्लीहेची ती अस्पष्ट कड. मुलगी हलली म्हणून अस्पष्ट, की चिरली म्हणून?

त्या स्टुलावरून उठल्या.

“मामा, ती सकाळची सायकलवाली कुठे आहे?”

“भिंगरी? घरी सोडली ना तीनलाच. का?”

“नंबर काढा.”

नंबर वडिलांचा होता. वाजत राहिला. काचवाला काच हातात असताना फोन उचलत नाही; दोन्ही हात काचेला लागतात. बाईंना हे नंतर कळलं. तेव्हा त्यांनी सात वेळा फोन लावला. सर्जनसाहेब ऑपरेशनमध्ये होते. ॲम्ब्युलन्सवाला म्हणाला, साहेबांची चिठ्ठी लागेल. बाईंनी कागदावरचा पत्ता उतरवून घेतला आणि स्वतःच्या गाडीची किल्ली काढली.

“मी येतो,” मामा म्हणाले.

पाच वाजून पंचवीस मिनिटांनी ते त्या इमारतीत पोचले. आवारात ती सायकल भिंतीला टेकवून ठेवलेली होती. जिना तीन मजल्यांचा. आजींनी दार उघडलं ते तोंडावर बोट ठेवूनच.

“हळू बोला. शांत झोपलीय ती. तुम्ही... सकाळच्या बाई ना? एवढ्या लांब आलात?”

“किती वेळ झोपली आहे?”

“साडेतीनपासून. आल्याआल्या म्हणाली झोप येतेय. मी म्हटलं, बरंच झालं, झोपेल तेवढी बरी. दमलंय पोर.”

भिंगरी आतल्या खोलीत कुशीवर झोपली होती, गुडघे पोटाशी घेऊन. ओठांचा रंग गेला होता. कपाळ थंड आणि ओलं. बाईंनी मनगट धरलं. नाडी इतकी जलद आणि बारीक होती की आधी सापडेचना. पोटावर हात ठेवला. सकाळी मऊ होतं ते पोट आता फळीसारखं लागलं.

“उठवू नका हो,” आजी म्हणाल्या. मग त्यांनी बाईंचा चेहरा पाहिला. “काय झालं? अहो, काय झालं?”

“मामा, उचला.”

मामांनी तिला उचललं. तीन मजले ते एकदाही न थांबता उतरले. भिंगरीने डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिलं आणि पाणी मागितलं. गाडीत ती आजींच्या मांडीवर होती. आजी सारख्या तिला हाक मारत होत्या, आणि पहिल्या चार-पाच हाकांना ती ‘हं’ म्हणत होती.

सहा वाजून पाच मिनिटांनी तिला ऑपरेशनच्या टेबलावर घेतलं. टेबलावर घेण्याआधी बाईंनी यंत्र टेकवलं. चारही ठिकाणी काळं होतं. प्लीहा दोन ठिकाणी फाटली होती. सर्जनसाहेबांनी ती काढली. भूलतज्ज्ञांनी रक्ताच्या जेवढ्या पिशव्या होत्या तेवढ्या चढवल्या. हृदय एकदा थांबलं आणि परत चाललं. दुसऱ्यांदा थांबलं ते चाललं नाही. तेव्हा सात वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

वडील साडेसहाला पोचले होते. सर्जनसाहेब बाहेर आले, टोपी काढली आणि भिंतीला टेकून उभे राहिले. ते निर्दय गृहस्थ नव्हते. पाठीवरचा अंगरखा घामाने चिकटला होता.

“सकाळच्या सोनोग्राफीत काही नव्हतं,” ते म्हणाले. “उशिरा सुरू झालं. कधीकधी असं होतं. झोपेत लक्षात येत नाही.”

शेवटचं वाक्य त्यांनी सहज म्हटलं असावं. आजी बाकावर बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली.

“झोपेत,” त्या म्हणाल्या.

बाई चार पावलांवर उभ्या होत्या. वडील त्यांच्याकडे वळून म्हणाले, “तुम्ही स्वतः घरी आलात. तेवढं कुणी करत नाही.” त्यांनी हात जोडले. बाईंनीही हात जोडले, आणि मग त्या घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या सातलाच आल्या. पडदा न सारता मशीन सुरू केलं आणि अकरा दिवसांची चित्रं काढली. भिंगरीखेरीज नऊ मुलं. आठांची पिशवी भरलेली होती. एका सहा वर्षांच्या मुलाची रिकामी, खाली खूण मात्र केलेली. त्यांनी फोन लावला. आईने उचलला, मुलगा शाळेत निघालाय म्हणाली, बुटाची नाडी बांधताना आईशी वाद घालणारा त्याचा आवाज बाईंना ऐकू आला. नऊ दिवस झाले होते. तरी त्यांनी त्याला दाखवायला बोलावलं. मग सकाळच्या सगळ्या कामांच्या आधी त्यांनी लघवीच्या बाटलीबद्दल सिस्टरांना एक चिठ्ठी लिहिली. चिठ्ठीत कुणाला दोष नव्हता. सिस्टर ती वाचून रडल्या.

नऊ वाजता सर्जनसाहेब आले. खुर्ची असूनही बसले नाहीत.

“चौकशी होणार,” ते म्हणाले. “आपल्या दोघांचा जबाब मागितलाय. मी सरळ लिहितोय. पोट मऊ, रक्त ठीक, सोनोग्राफी ठीक.”

“सोनोग्राफी ठीक नव्हती.”

“अहो, सोनोग्राफीला सगळं दिसतं असं कुणी म्हटलंय? मुलांमध्ये कितीतरी वेळा पहिल्या खेपेला सुटतं. हे पुस्तकात आहे. मी खोटं सांगत नाहीये.”

“नाही सांगत. पण माझं सुटलं नाही, साहेब. मी तिथे पाहिलंच नाही. पिशवी रिकामी होती. मी खूण केली.”

त्यांनी दार लोटून घेतलं.

“तुम्ही नेहमी लिहायचात,” ते हळू आवाजात म्हणाले. “दोन तासांनी पुन्हा. काल का नाही लिहिलंत?”

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. उत्तर दोघांनाही ठाऊक होतं. ते दिलं असतं तर अर्धं ओझं त्यांच्या खांद्यावर गेलं असतं, आणि ते अगदीच खोटंही ठरलं नसतं.

“पेन माझ्या हातात होतं,” त्या म्हणाल्या.

“असं लिहून दिलंत तर नोकरी जाईल तुमची. मीही सुटणार नाही. आणि पोरगी काही परत येणार नाही. विचार करा, बाई. दुपारपर्यंत द्यायचंय.” ते दारापर्यंत गेले आणि वळले. “मी त्या दिवशी बैठकीत...” ते म्हणाले, आणि वाक्य तिथेच टाकून गेले.

जबाबाचा कोरा कागद बाईंच्या टेबलावर होता. त्यांनी तारीख लिहिली. अकरा वाजून वीस मिनिटं, असं लिहिलं. तेवढ्यात दारावर टकटक झाली.

भिंगरीचे वडील होते. कागदपत्रं घ्यायला आले होते. खालच्या खिडकीवर त्यांना कुणीतरी सोनोग्राफीचा कागद वरून आणायला सांगितलं होतं. त्यांनी दाढी केली नव्हती. बोटांच्या चिकटपट्ट्या मळल्या होत्या.

“एक विचारायचं होतं,” ते म्हणाले. “तुम्ही आमच्या घरी आलात, म्हणून तुम्हालाच विचारतो. आई कालपासून एकच बोलतेय. मी तिला झोपू दिलं. मी तिला झोपू दिलं. पाणी घेत नाही. माझी बायको पहाटे आली, तिच्यासमोरही तेच. बायको काही बोलली नाही, पण तिने आईकडे पाहिलं ना, ते मी पाहिलं. साहेब म्हणाले सकाळी काही नव्हतंच. म्हणजे जे झालं ते घरीच झालं, असंच ना? मी कामावर गेलो, आईने झोपू दिलं. असंच झालं ना?”

बाईंनी मशीन सुरूच ठेवलं होतं. त्यांनी चौथं चित्र काढलं.

“इकडे या,” त्या म्हणाल्या.

त्यांनी सांगितलं. भरलेली पिशवी कशी दिसते ते दुसऱ्या मुलाच्या चित्रात दाखवलं, मग भिंगरीची दाखवली. कागदावरचे चार चौकोन दाखवले आणि चौथ्यावर बोट ठेवलं. म्हणाल्या, “इथे मला काही दिसत नव्हतं. मी ‘रक्त नाही’ अशी खूण केली. ही खूण पाहून साहेबांनी तिला घरी सोडलं. मी दोन तासांनी बघायला हवं होतं. त्या वेळी ती इथेच होती, या भिंतीपलीकडे. मी गेले नाही.”

वडील चित्राकडे पाहत राहिले. काच बसवणाऱ्या माणसाची नजर असते तशी, कडेकडेने.

“काल रात्री मी तुम्हाला हात जोडले,” ते म्हणाले.

“हो.”

“आणि तुम्हीही जोडले.”

“हो.”

त्यांनी हातातली फाइल टेबलावर ठेवली. बाईंना वाटलं, आता हे हात उगारतील, आणि तसं झालं असतं तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, “मला सांगून काय उपयोग? मी काय, मी कामावर होतो. चला घरी. तिला सांगा. माझ्यासमोर सांगा.”

बाईंनी जबाबाचा कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. मामांनी काही न विचारता खोलीला कुलूप लावलं.

तीन मजले चढताना वडील पुढे होते, ते एकदाही मागे वळले नाहीत. घरात चार-पाच नातेवाईक भिंतीला टेकून बसले होते. आतल्या दाराशी एक तरुण बाई उभी होती, प्रवासातल्या कपड्यांतच. आजी त्याच पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. चादर कालचीच होती, कुणाला ती उचलू दिली नव्हती.

बाई खाली जमिनीवर बसल्या, आजींच्या समोर.

“आजी, सकाळी माझ्याकडून चूक झाली,” त्या म्हणाल्या. “मी एका ठिकाणी न पाहताच ठीक आहे असं लिहिलं. बहुतेक तेव्हाच तिच्या पोटात रक्त सांडायला लागलं होतं. तिला घरी पाठवायलाच नको होतं.”

दारातली तरुण बाई तिथेच खाली बसली. आजींना सगळं समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी विचारलं, “आणि मी तिला चारला उठवलं असतं तर?”

वडिलांनी बाईंकडे पाहिलं. त्या नजरेत काय मागणं होतं ते बाईंना स्पष्ट कळलं. काही फरक पडला नसता, एवढं म्हणायचं. चार शब्द. आजी पाणी प्यायल्या असत्या. पण चारला आणलं असतं तर भिंगरी कदाचित वाचली असती, आणि बाईंना ते माहीत होतं.

“ते मला ठाऊक नाही,” त्या म्हणाल्या. “कदाचित वाचली असती. पण चारला उठवायचं काम तुमचं नव्हतं, माझं होतं. तुम्हाला डॉक्टरांनी सांगितलं होतं, सगळं ठीक आहे. ते आमच्या भरवशावर तुम्ही ऐकलंत. ज्याला ठीक आहे असं सांगितलंय, त्याने झोपलेल्या पोराला कशाला उठवायचं?”

आजींनी चादरीवरून हात फिरवला.

“चारला तिने कूस बदलली होती,” त्या म्हणाल्या. “मी पांघरूण सारखं केलं. ‘आजी’ म्हणाली. मी म्हटलं, झोप.” त्या थांबल्या. “तेव्हा तुम्ही काय करत होता?”

“दुसऱ्या एका पेशंटची सोनोग्राफी.”

“कोण होतं?”

“एक म्हातारे गृहस्थ. मूतखडा.”

आजींनी मान हलवली, जणू एवढं कळणं आवश्यक होतं. भिंगरीची आई उठली, आत गेली, तांब्या घेऊन आली आणि सासूच्या हाताशी ठेवला. स्वतः पलंगावर त्यांच्याशेजारी बसली. तिने बाईंकडे पाहिलं नाही.

“तुम्ही जा आता,” ती म्हणाली.

बाई उठल्या. जिन्यात खालच्या मजल्यावर एक खिडकी होती, तिच्या कठड्यावर त्यांनी पर्स ठेवली आणि जबाबाचा कागद काढला. त्यांनी तो भिंतीवर दाबून धरला. अकरा वाजून वीस मिनिटं, या शब्दांपुढे त्या लिहू लागल्या. वरून कुणीतरी रडायला लागल्याचा आवाज आला, आधी एकीचा, मग दोघींचा. बाईंनी मान वर केली नाही. चौथ्या चौकोनापर्यंत यायला त्यांना दहा-बारा ओळी लागल्या, आणि त्यांनी एकही गाळली नाही.